हालचाल आणि चळवळ : भिलाईच्या श्रमेतिहासाचे एक वाचन

१

मराठीत 'हालचाल' आणि 'चळवळ' हे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत या दोहोंचे काम पुष्कळदा एकच शब्द करतो. मराठीने मात्र शरीराच्या हलण्याला एक नाव दिले आणि समूहाच्या उठण्याला दुसरे. ही विभागणी पूर्वी इतकी काटेकोर नव्हती. रामदासांच्या 'दासबोधा'त 'चळवळ' हा शब्द खटपट, उद्योग, प्रयत्न अशा अर्थाने येतो. सार्वजनिक आंदोलन हा त्याचा आजचा अर्थ पुढच्या काळात रूढ झाला, आणि मग हाताची हालचाल व हातांची चळवळ यांच्यात भाषेनेच एक भिंत उभी केली.

कामगारांविषयीचे लेखनही बहुधा या भिंतीच्या एकाच बाजूस उभे राहून झाले आहे. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संप, मोर्चे, गोळीबार आणि तडजोडी यांची नोंद केली. हालचालींचा अभ्यास ही व्यवस्थापनशास्त्राची मिरास ठरली. एका प्रकारच्या ग्रंथांत कामगार घोषणा देताना दिसतो, पण त्याचे हात दिवसभर काय करतात ते कळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथांत हात अत्यंत बारकाईने दिसतात, पण त्या हातांच्या मालकाला बोलता येते याची दखल नसते. या दोन ग्रंथसंग्रहांची गाठ घालून देणारी स्थळे थोडी आहेत. भिलाई आणि तिला लोहखनिज पुरविणारी दल्ली-राजहराची खाण हे त्यांपैकी एक ठळक स्थळ होय.

भिलाई मराठी वाचकाला वाटते तितकी दूरची नाही. पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात होती तो जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. शेजारच्या राजनांदगावात कापडगिरणीतील कामगारांनी ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९२० मध्येच संप केला होता. त्याच गावी १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले हिंदी कवी महाविद्यालयात शिकवीत होते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हा सगळा मुलूख भाषांच्या आणि श्रमांच्या सीमेवरचा आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भातशेतीच्या या प्रदेशात पाळ्यांच्या भोंग्याचा काळ सुरू झाला.

२

श्रमाच्या हालचालींना शिस्त लावणे ही कारखान्याची निर्मिती नव्हे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या दोन स्त्रिया एकाच खुंट्याला हात घालून दगड फिरवीत, तेव्हा त्यांच्या ओढण्या-ढकलण्याचा मेळ ओवीच्या लयीने बसविला जाई. ओवीची ओळ आणि जात्याचा फेरा यांचे नाते केवळ अलंकारिक नाही. ओळ संपते तेथे हाताची दिशा बदलते. कापणीच्या वेळची भलरी, मोटेवरची गाणी आणि छत्तीसगढच्या शेतांत काम करता करता म्हटला जाणारा ददरिया यांचेही तसेच आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी १८९६ मध्ये श्रम आणि लय यांच्या संबंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि काव्याचा उगमच श्रमाच्या लयीत शोधला. त्यांचा सिद्धान्त पूर्णपणे मान्य होण्यासारखा नसला, तरी त्यातून एक गोष्ट निश्चितपणे हाती लागते. या जुन्या व्यवस्थेत लय ठरविणारा आणि त्या लयीने राबणारा हे बहुधा एकच होते.

मात्र या चित्रावर भाळून जाण्याचे कारण नाही. ओव्यांतच सासुरवाशिणीचे दुखणारे हात आहेत, आणि भलरी ज्या शेतात म्हटली जाई ते शेत पुष्कळदा म्हणणाऱ्याचे नसे. लय आपली असली म्हणजे धान्यही आपले असते असे नाही. ही मर्यादा लक्षात ठेवूनच पुढील इतिहासाकडे पाहिले पाहिजे.

३

हालचालींच्या आधुनिक अभ्यासाचा जन्म पोलादाच्या कारखान्यात झाला, ही भिलाईच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण गोष्ट आहे. फ्रेडरिक टेलर यांनी १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिडव्हेल पोलाद कारखान्यात कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेळ मोजण्यास आरंभ केला. १८९९ मध्ये बेथलेहेम येथे त्यांनी कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाघिणीत भरणाऱ्या मजुरांवर केलेला प्रयोग पुढे जगप्रसिद्ध झाला. मजूर दिवसाला साडेबारा टन माल भरीत असे. तो साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. त्याची मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटवर गेली. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. या हकिकतीतले अनेक तपशील टेलर यांनी रंगवून सांगितले होते, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. पण १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून ती हकिकत सर्वत्र पोहोचली होती आणि तिने आपले काम केले होते. टेलर यांचे प्रमुख प्रतिपादन असे होते की, कामाविषयीचे जे ज्ञान कारागिरांच्या हातांत साठलेले आहे ते व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे नियम बनवावेत आणि मग ते नियम कामगारांना परत शिकवावेत. विचार करणे एकाकडे, हात चालविणे दुसऱ्याकडे.

फ्रँक गिलब्रेथ आणि त्यांच्या पत्नी लिलियन यांचे लक्ष वेळेपेक्षा हालचालीकडे अधिक होते. फ्रँक हे मूळचे गवंडी. एक वीट बसविताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्यांपैकी पाच पुरेशा आहेत, हे त्यांनी दाखविले. विटा कमरेच्या उंचीवर ठेवल्या आणि गिलावा योग्य तितका पातळ कालविला की वाकणे आणि ठोकणे वाचते. या दांपत्याने पुढे कामगाराच्या बोटाला लहानसा विजेचा दिवा बांधून अंधारात त्याची छायाचित्रे घेतली. त्या छायाचित्रांत माणूस जवळजवळ दिसत नाही. दिसते ती हाताने हवेत काढलेली प्रकाशाची रेषा. त्या रेषांवरून त्यांनी तारेच्या प्रतिकृती बनविल्या आणि त्या कामगारांना शिकविण्यासाठी वापरल्या. गिलब्रेथ दांपत्याच्या हेतूंबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. थकवा कमी करणे हे त्यांचे घोषित उद्दिष्ट होते आणि पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा काम करता यावे म्हणून त्यांनी याच पद्धतीचा उपयोग केला. तरीही त्या छायाचित्रांची एक खूण मनात राहते : रेषा स्पष्ट व्हावी म्हणून माणूस अंधारात ठेवावा लागला.

स्टॉपवॉचला पहिले संघटित उत्तरही लवकरच मिळाले. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागाराच्या ओतशाळेत घड्याळ घेऊन एक अधिकारी उभा राहिला आणि साचेकारांनी काम थांबविले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपर्यंत गेले आणि १९१५ मध्ये लष्करी खर्चाच्या कायद्यातच अशा वेळमोजणीवर बंदी घातली गेली. हालचाल मोजली गेली आणि चळवळ उभी राहिली, असा हा क्रम येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

४

मराठी कामगाराला हा क्रम १९२८ मध्ये अनुभवास आला. मुंबईच्या काही गिरण्यांत 'कार्यक्षमते'ची योजना सुरू झाली होती. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत आणि सूतखात्यात एक बाजू पाहणाऱ्याने दोन पाहाव्यात, असे तिचे स्वरूप होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा जवळजवळ सहा महिने सुमारे दीड लाख कामगारांचा संप चालला. याच संपात अर्जुन आत्माराम आळवे यांच्या अध्यक्षतेखाली गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने कार्यक्षमतेची ही योजना तत्त्वतः गैर मानली नाही. मालकांच्या दृष्टीने प्रश्न साच्यांच्या संख्येचा होता. विणकराच्या दृष्टीने तो चालण्याचा, तुटलेला धागा दिसण्याचा, सूत हलके असेल तर वाढणाऱ्या तुटीचा आणि ज्या सोबत्याचे साचे आपल्याकडे आले त्याच्या बेकारीचा होता. यांतल्या कोणत्याही गोष्टीबद्दल त्याला आधी विचारले गेले नव्हते.

याच संपाच्या वेळी आणखी एक हालचाल चर्चेत आली. कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घालून धोट्याच्या छिद्राला ओठ लावी आणि श्वासाने धागा ओढून घेई. क्षणाचे काम. वेळमोजणीच्या तक्त्यात त्याची एक बारीकशी नोंद झाली असती. पण तोच धोटा नंतर दुसऱ्याच्या ओठांना लागणार असल्यामुळे, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना चांगल्या मजुरीच्या साचेखात्यात प्रवेश नव्हता. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८-२९ मध्ये आग्रहाने मांडला. संपाच्या नेत्यांनाही त्यांचे म्हणणे अडचणीचे वाटले. श्रमाच्या एका हालचालीत शरीराबरोबर समाजही सामावलेला असतो, याचे याहून बोलके उदाहरण भारतीय उद्योगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. स्टॉपवॉचला ते दिसणे शक्य नव्हते. चळवळीलाही ते सहजासहजी दिसले नाही. मामा वरेरकरांनी आपल्या गिरणगावावरील कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव दिले, तेव्हा धोट्याच्या धावण्याकडे मराठी साहित्याचे लक्ष गेले. त्याच्या छिद्रापाशी अडलेल्या माणसाला मराठी साहित्यात आपल्या शब्दांत बोलण्यासाठी दलित साहित्याच्या उदयापर्यंत थांबावे लागले.

मोजणी म्हणजे अपरिहार्यपणे वरून लादलेली गोष्ट, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा भावे यांनी १९३५ च्या सुमारास केलेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कातणाऱ्या स्त्रीला जी मजुरी मिळते तिच्यावर माणूस जगू शकतो का, हा त्यांचा प्रश्न होता. तो सोडविण्यासाठी ते स्वतः दिवसाचे आठ-आठ तास कातायला बसले, उजव्या हाताबरोबर डाव्या हातानेही कातू लागले, किती तासांत किती सूत निघते याचा हिशेब त्यांनी ठेवला आणि त्या सुताच्या मजुरीत स्वतःचा आहार बसवून पाहिला. हाही हालचालींचा आणि वेळेचाच अभ्यास होता. पण येथे मोजणारा आणि मोजला जाणारा एकच होता, आणि मोजणीतून विचारलेला प्रश्न 'हात आणखी किती देऊ शकेल' हा नव्हता. 'हाताला किती मिळाले पाहिजे' हा होता. त्याच सुमारास गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान निर्वाह-मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. मोजणीच्या मागे कोणता प्रश्न आहे यावर तिचे नैतिक मूल्य अवलंबून असते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

५

भिलाईच्या उभारणीत मात्र विनोबांचा नव्हे, मॉस्कोचा वारसा होता, आणि तो वारसा सरळ नव्हता. लेनिन यांनी १९१४ मध्ये टेलरपद्धतीला यंत्राकरवी माणसाला गुलाम करणारी पद्धत म्हटले. १९१८ मध्ये, सत्ता हाती आल्यावर, त्याच पद्धतीतील शास्त्रीय भाग अभ्यासून स्वीकारण्याचा आग्रह त्यांनी धरला. या स्थित्यंतराचे सर्वांत विलक्षण प्रतीक म्हणजे अलेक्सेई गास्तेव. हा धातुकाम करणारा कामगार, कामगार संघटनेचा कार्यकर्ता आणि कवी. कारखान्याचे स्तोत्र गाणाऱ्या त्याच्या कवितांचा संग्रह १९१८ मध्ये निघाला आणि गाजला. १९२० मध्ये त्याने मॉस्कोत केंद्रीय श्रमसंस्था स्थापन केली आणि लवकरच कविता बाजूला ठेवली. संस्थेच्या पहिल्या अभ्यासविषयांपैकी एक होता छिन्नीवर हातोडा मारणे. खांदा, कोपर आणि मनगट यांच्या गतीचा मार्ग छायाचित्रांनी टिपून, त्याचे आदर्श रूप ठरवून, ते नव्या कामगारांना शिकविले जाई. कवितेतील लय ज्याने शोधली त्यानेच पुढे हातोड्याची लय आखून देण्याचे काम हाती घेतले. १९३८ मध्ये त्याला अटक झाली आणि १९३९ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. दरम्यान, ३१ ऑगस्ट १९३५ रोजी स्ताखानोव याने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचा विक्रम गाजविला गेला आणि हालचालीच्या बारकाव्यांपेक्षा उद्दिष्टाचे आकडे मोठे झाले.

भिलाईत आलेल्या सोव्हिएत तंत्रज्ञांबरोबर हा सगळा इतिहास बोलून दाखविला गेला नसला, तरी 'नियोजित लक्ष्य' या कल्पनेच्या रूपाने तो आला. दुसरीकडून, पश्चिमेकडची कार्य-अभ्यासाची विद्याही याच दशकात भारतात येत होती. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे उत्पादकता-विषयक तज्ज्ञ १९५२ मध्ये येथे आले, १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली आणि १९६३ मध्ये मुंबईत पवई येथे औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. शीतयुद्धातील दोन परस्परविरोधी गोटांकडून आलेल्या या दोन विद्या मूळच्या एकाच उगमाच्या होत्या, हे त्या काळी फारसे कोणी बोलून दाखविले नाही.

प्रत्यक्ष कारखान्यात काय घडले? ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले. १९९९ मधील एका निबंधात आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बृहद्ग्रंथात त्यांनी जे मांडले, ते कार्यक्षमतेच्या पंडितांना आणि श्रमाच्या जुन्या लयीविषयी हळहळणाऱ्यांना सारखेच अस्वस्थ करणारे आहे. शेतीतून कारखान्यात आलेला माणूस निसर्गाच्या सैल लयीतून घड्याळाच्या जुलमात आला, असे इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांच्या १९६७ मधील विख्यात निबंधानंतर सर्रास मानले जाते. भिलाईच्या सरकारी कारखान्यातील कायम कामगारांच्या बाबतीत पॅरी यांना वेगळेच आढळले. कोकभट्टीसारख्या विभागात धगीजवळचे काम कमालीचे कष्टाचे. पण ते थोड्या वेळाचे, आणि मधल्या विश्रांतीचा अवधी मोठा. कोणी केव्हा काम करावे आणि कोणी केव्हा बसावे, हे कामगारांचा गट बऱ्याच अंशी आपापसांत ठरवून घेई. कारखान्यात काम करणाऱ्या तरुण पिढीला भातशेतीचे वाकून करावे लागणारे काम मुळीच रम्य वाटत नव्हते. तेच त्यांना खरे जिवावरचे वाटत होते. आणि धगीपाशी एकमेकांवर जीव सोपविणाऱ्या या गटांत वेगवेगळ्या जातींची माणसे एकत्र बसून खात होती. १९२८ च्या साचेखात्याशी याची तुलना केली म्हणजे, श्रमाची हालचाल समाजाची रेषा पक्की करते तशी ती कधी पुसटही करू शकते, हे लक्षात येते.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे आणि पॅरी यांनी ती लपविलेली नाही. कायम कामगाराचा निवांतपणा ठेकेदाराच्या मजुराला नव्हता. त्याच आवारात, पुष्कळदा तेच किंवा त्याहून धोक्याचे काम, कितीतरी कमी मजुरीत ठेका-मजूर करीत होता. आसपासच्या खासगी कारखान्यांतील कामाचा वेगही सरकारी कारखान्यापेक्षा फार अधिक होता. भिलाईत दोन घड्याळे चालत होती, आणि कोणते घड्याळ कोणाच्या वाट्याला यावे हे त्याच्या हाताच्या कौशल्यावर ठरत नव्हते. हजेरीपटावरील त्याच्या स्थानावर ठरत होते.

६

या दुसऱ्या घड्याळाचे सर्वांत स्पष्ट दर्शन दल्ली-राजहरात होते. भिलाईची भूक भागविणाऱ्या या लोहखाणींत ठेकेदारांचे हजारो मजूर हाताने काम करीत. पुरुष पहारीने आणि घणाने दगड फोडीत, स्त्रिया टोपल्या डोक्यावर वाहून ट्रक भरीत. बेथलेहेमच्या लोखंड भरणाऱ्या मजुराचे हे दूरचे भाऊबंद. मात्र येथे त्यांच्या हालचालींचा अभ्यास करण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. माल जितका भरला तितके पैसे, असा व्यवहार असला की घड्याळ लागत नाही. भूकच घड्याळाचे काम करते.

मार्च १९७७ मध्ये या मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्यांनी आपल्या नेतृत्वासाठी ज्याला बोलावले तो शंकर गुहा नियोगी स्वतः पूर्वी भिलाईच्या कोकभट्टी विभागात कामगार होता. संघटनेच्या कामामुळे त्याची नोकरी गेली होती आणि नंतर तो खेड्यापाड्यांत मजुरी करीत राहिला होता. नव्या संघाच्या पहिल्या मागण्यांपैकी दोन विशेष लक्षणीय आहेत. एक, पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी भत्ता. दुसरी, 'फॉलबॅक' मजुरी. मजूर कामावर हजर आहे, त्याचे हात तयार आहेत, पण ठेकेदाराने ट्रक पाठविला नाही किंवा कामच दिले नाही, तर त्या रिकाम्या वेळेचीही मजुरी मिळाली पाहिजे.

हालचालींच्या अभ्यासाच्या इतिहासात या दुसऱ्या मागणीचे स्थान कोणी नोंदविलेले नाही. ते नोंदविले जाणे अगत्याचे आहे. गिलब्रेथ दांपत्याने हाताच्या सर्व क्रियांचे जे वर्गीकरण केले त्यात 'टाळता न येणारा विलंब' असे एक कलम आहे. ते काढून टाकावयाचे किंवा कमी करावयाचे कलम होते. राजहराच्या निरक्षर मजुरांनी त्याच कलमाकडे बोट दाखवून विचारले की हा विलंब कोणाचा, आणि त्याची किंमत कोणी द्यावयाची? थांबलेल्या हाताचाही हिशेब असतो, हे त्यांचे म्हणणे होते. मे १९७७ च्या अखेरीस या मागण्यांवर समझोता झाला, पण ठेकेदारांनी तो पाळला नाही. २ जूनच्या रात्री नियोगी यांना पोलिसांनी पकडून नेले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारांत अकरा माणसे ठार झाली. त्यांत अनसूयाबाई ही स्त्री होती, आणि एक लहान मुलगाही. पुढे ३ जून १९८३ रोजी, म्हणजे गोळीबाराच्या सहाव्या स्मृतिदिनी, मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमांतून उभारलेले शहीद रुग्णालय तेथे सुरू झाले.

यांत्रिकीकरणाचा प्रश्न याच काळात उभा राहिला. बस्तरमधील बैलाडिला येथे यंत्रे आल्यावर हजारो हात रिकामे झाले होते आणि ५ एप्रिल १९७८ रोजी किरंदुल येथे गोळीबार झाला होता. राजहराच्या संघटनेपुढे हे उदाहरण ताजे होते. संघटनेने यंत्राला सरसकट विरोध केला नाही. तिने 'अर्ध-यांत्रिकीकरणा'चा पर्याय मांडला. खाणीतील कोणते काम माणसाच्या ताकदीपलीकडचे किंवा जिवाला घातक आहे, कोणते काम हाताने केल्याने खनिज निवडून अधिक चांगल्या प्रतीचे मिळते, कोणत्या टप्प्यावर यंत्र आणले तर उत्पादन वाढेल आणि कोणाची रोजी जाणार नाही, याचा विचार त्यात होता. पूर्ण यांत्रिकीकरणात पहिली कुऱ्हाड टोपली वाहणाऱ्या स्त्रियांवर पडेल, हेही त्यात ध्यानात घेतले होते. कामाचे तुकडे पाडणे, प्रत्येक तुकडा तपासणे, पर्यायांची तुलना करणे, ही रीत टेलर यांचीच. फरक इतकाच, आणि तो फार मोठा, की येथे कामाविषयीचे ज्ञान कामगारांच्या हातांतून काढून घेतले जात नव्हते. ते ज्यांच्या हातांत होते त्यांच्याच तोंडून बोलत होते. नालवाडीत एका व्यक्तीने जे व्रत म्हणून केले, ते राजहरात एका समूहाने हक्क म्हणून केले. हालचाल आणि चळवळ यांतली भाषेने उभारलेली भिंत या ठिकाणी काही काळ तरी पडली होती.

ती फार काळ पडलेली राहिली नाही. संघटनेमुळे यांत्रिकीकरण लांबले, थांबले नाही. १९९० पासून नियोगी यांनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील ठेका-मजुरांना संघटित करण्यास आरंभ केला, आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील आपल्या घरी झोपलेले असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक माणसे ठार झाली. ज्या गावात देशाचे रूळ घडविले जातात, तेथे कामगार रुळांवर बसून आगगाड्या थांबवतो, या घटनेतील उपरोधावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. एवढेच म्हणता येईल की, ज्यांच्या थांबण्याला कधी किंमत मिळाली नव्हती त्यांनी त्या दिवशी थांबणे हेच आपले साधन केले होते.

७

भिलाईच्या या इतिहासातून साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? मराठी समीक्षेने कामगार-साहित्याची दखल घेतली, ती प्रायः चळवळीच्या अंगाने. अण्णाभाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबुराव बागूल यांच्या लेखनातील विद्रोह, वर्गजाणीव, आशावाद यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनात कामाचे प्रत्यक्ष वर्णन किती आहे, हात कसे चालतात, पाठ केव्हा मोडते, पाळी संपताना डोळ्यांना काय होते, या प्रश्नांकडे मात्र समीक्षा क्वचितच वळली. लहानपणीच गिरणीची तोंडओळख झालेल्या सुर्व्यांसारख्या कवीला हे प्रश्न नवे नव्हते. समीक्षेने हालचाल वगळून चळवळ वाचली, जशी व्यवस्थापनशास्त्राने चळवळ वगळून हालचाल वाचली. दोन्ही वाचने अपुरी आहेत आणि त्यांचे अपुरेपण एकाच जातीचे आहे.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा असता, तर तो पुराभिलेखांवर सोपविता आला असता. पण एकविसाव्या शतकात मालाच्या गोदामांत काम करणाऱ्याच्या हातातील यंत्र त्याच्या प्रत्येक फेरीची नोंद करते, आणि घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या तरुणाची वाट, वेग आणि विलंब हे सारे त्याला न दिसणाऱ्या हिशेबात जमा होते. गिलब्रेथ यांना बोटाला दिवा बांधावा लागला होता. आता तो खिशात असतो आणि विझत नाही. अशा तरुणाला मागणी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला ताटकळत बसावे लागते, आणि त्या ताटकळण्याची मजुरी त्याला बहुधा मिळत नाही. राजहराच्या मजुरांनी १९७७ मध्ये विचारलेला प्रश्न त्यामुळे आजही उत्तर मागत उभा आहे.

खुद्द राजहरातील टोपल्या वाहणाऱ्या बायकांची ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्या हालचालींची तारेची प्रतिकृती कोणी बनविली नाही, आणि त्यांच्या डोक्यावरील भाराचे आलेख कोणा संस्थेच्या कपाटात नाहीत. त्यांनी मागितलेली रिकाम्या वेळेची मजुरी, शाकारलेली झोपडी आणि चालते रुग्णालय, एवढीच त्यांच्या श्रमाविषयीच्या शास्त्राची प्रमाणे मागे राहिली आहेत. अभ्यासकाने ती प्रमाणे वाचावयास शिकले पाहिजे. ती वाचता आली, तर 'कार्यक्षमता' या शब्दाचा अर्थ लावताना कोणाचे कार्य आणि कोणाची क्षमता, हे दोन प्रश्न त्याला प्रथम विचारावेसे वाटतील.